स्टुलावर कोण बसलंय

मोठ्या सिस्टर पेशंटला नाव विचारायच्या आधी त्याच्या काखेत हात घालायच्या. आधी दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळायचे, कारण त्यांचे हात ऐन मे महिन्यातसुद्धा गार असायचे, आणि मग "जरा हात वर करा हां" म्हणत बोटं सरळ सदऱ्याच्या आत. समोर शाळामास्तर असो की जाळं ओढून हाताला घट्टे पडलेला खलाशी असो, सुटका कोणाचीच नाही. पुरुषांच्या वॉर्डात भलेभले बाप्ये गुदगुल्या होऊन वळवळायचे. सिस्टरांच्या चेहऱ्यावरची रेषा हलायची नाही. हात बाहेर काढून बोटं अंगठ्याशी घासायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "कोरडी." किंवा "ओली." नाव, गाव, काय होतंय, हे सगळं त्यानंतर. आम्ही शिकाऊ मुली त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल करायचो. त्यात मी सगळ्यांत पुढे होते.

मी सावर्ड्याची. नर्सिंगला रत्नागिरीत आले तेव्हा आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. मोठ्या सिस्टर राजापूरकडच्या नाटे गावच्या, होडीवाल्यांच्या घरातल्या. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळ्या, कडक इस्त्रीची पांढरी साडी. त्यांना पुस्तक उघडून शिकवताना मी कधी पाहिलं नाही. स्वायत्त मज्जासंस्थेवरच्या औषधांचा धडा मी घोकून घोकून तोंडपाठ केला होता आणि समजला मात्र काडीचा नव्हता. तो त्यांनी मला ट्रॉली पुसता पुसता शिकवला.

"आपल्या अंगात दोघं राहतात गो," त्या म्हणाल्या. "एक पळणारा, एक लोळणारा. आपल्याला विचारत नाहीत, सांगत नाहीत, आपापलं काम करतात. पळणारा छाती धडधडवतो, तोंड सुकवतो, डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या करतो. लोळणारा जेवलेलं जिरवतो, तोंडात लाळ आणतो, काळजाला म्हणतो, जरा सावकाश. आपल्या कपाटातली निम्मी औषधं म्हणजे ह्यातल्या एकाला ढोसायचं नाहीतर दुसऱ्याला गप्प बसवायचं."

"मग घाम कोणाचा?" मी अडवायला विचारलं.

"पळणाऱ्याचा. पण त्याला निरोप लोळणाऱ्याच्या भाषेत जातो. म्हणून तर काखेत दोघांचीही बातमी मिळते." परीक्षेत मी हेच उत्तर शुद्ध भाषेत लिहिलं आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले.

एकदा एका मास्तरांना गांधीलमाश्या चावल्या. तोंड सुजलं, श्वास कोंडला. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिल्यावर सूज उतरायला लागली, पण मास्तर थरथर कापायला लागले. सिस्टरांचा हात घट्ट धरून म्हणाले, "बाई, मी मरतोय. मला आतून कळतंय." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "ही भीती तुमची नाही, गुरुजी. सुईतून आलीय. थोड्या वेळात जाईल." मास्तरांनी विचारलं, "आणि नाही गेली तर?" "तर मग ती तुमची. तेव्हा मला हाक मारा." मला हसू आलं होतं. पण माणसाला मरणाची भीती बाटलीत भरून टोचता येते, ही गोष्ट त्या दिवशी मनात राहिली ती राहिलीच.

अंगावर काटा आला तर त्याला हसायचं नाही, असा त्यांचा दुसरा नियम. "काटा आधी येतो, कारण मागाहून सुचतं. पळणारा आपल्याआधी बघतो गो. काटा आला की हातातलं काम ठेवायचं आणि वॉर्डात एक फेरी मारून यायची." त्या स्वतः भर दुपारी चहाचा कप अर्धा ठेवून अशा उठून जायच्या. बहुतेक वेळा काही नसायचं. काही वेळा असायचं, आणि त्याबद्दल त्या नंतर एक अक्षर बोलायच्या नाहीत.

पण मला त्यांची भीती वाटायला लागली ती स्टुलामुळे. आंब्याला मोहोर आला की बागांमधून फवारण्या सुरू होतात. उघड्या हातांनी, तोंडाला साधा रुमालही न बांधता तुडतुड्यांवर औषध मारणारी माणसं त्या दिवसांत आमच्याकडे यायची. विष अंगात भिनलं की लोळणारा बेभान होतो. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छाती भरलेली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. माणूस कोरड्या जमिनीवर स्वतःच्याच पाण्यात बुडतो. त्याला वर काढायचं औषध ॲट्रोपिन. ते लोळणाऱ्याचं तोंड बंद करतं. छाती मोकळी होते, काख कोरडी पडते. पण ते जरा जास्त झालं की आत पळणारा एकटाच उरतो, आणि रिकाम्या घरात एकट्या माणसाला जे दिसतं ते त्याला दिसायला लागतं.

अशा पेशंटांची खाट पाच नंबरची, खिडकीजवळची. तिच्या पायथ्याशी एक लोखंडी स्टूल असायचं. त्यावर कोणी बसायचं नाही, ते कोणी हलवायचं नाही. सिस्टर पेशंटला विचारायच्या, "कोण आलंय?" तो म्हणायचा, "आमची आते." "बसल्ये ना?" "बसल्ये." "मग बरं." आणि ॲट्रोपिनचं ठिबक कमी करायचं का, हे विचारायला त्या डॉक्टरांकडे जायच्या. लांज्याचा असो की राजापूरचा, जो तो त्या स्टुलाकडेच बघून बोलायचा. कडक ऊन आत आलेलं, वर पंखा गरगरतोय, आणि रिकाम्या स्टुलाशी एक माणूस भाताच्या लावणीबद्दल बोलतोय. मी तिकडे पाठ करून उभी राहत नसे.

शेवटी मी विचारलंच. तर म्हणाल्या, "उभं माणूस दिसलं की पेशंट बिथरतो, खाटेवरून उतरायला बघतो. बसलेलं दिसलं की बोलत राहतो. त्यांना बसायला काहीतरी नको?" हे त्यांनी चादर बदलायची कशी हे सांगावं तितक्या सरळपणे सांगितलं.

गणपत आला तो दुसऱ्या वर्षीच्या मोहोरात. चाळिशीचा, लांज्याकडच्या एका बागेत कामाला. आम्ही त्याचे कपडे उतरवले, साबणाने अंग धुतलं, ॲट्रोपिन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी त्याला आई दिसायला लागली. त्याची बायको कोपऱ्यात उभी राहून पदराने तोंड झाकून मला म्हणाली, "आयशीला बगतात ओ ते. मरून धा वर्षा झाली तिला. न्यायला आली काय?" मी तिला शास्त्र समजावून सांगायला गेले. सिस्टरांनी मला थांबवलं आणि तिला म्हणाल्या, "न्यायला नाही आली. राखण करायला आल्ये. बसू दे तिला."

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी ठिबक कमी केलं. दुपारी सिस्टरांना मेट्रनबाईंनी बोलावलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "म्हातारी उठून गेली की मला बोलाव. मी कुठेही असले तरी." मी होय म्हटलं आणि मनात म्हटलं, बाईंचं डोकं फिरलं.

अर्ध्या तासाने गणपत स्टुलाकडे बघत म्हणाला, "आये गेली." मग त्याने बायकोकडे पाहिलं, तिला नावाने हाक मारली आणि पेज मागितली. ती रडत रडत हसली. देवाला नारळ कबूल करून मोकळी झाली. मीही खूश. माणूस शुद्धीवर आला, भुतं गेली, आता कशाला कोणाला बोलवायचं? तो डोळे मिटून पडला. चेहरा इतका शांत होता की मी पंख्याचा वेगही कमी केला.

सिस्टर दारातून आल्या त्या आधी स्टुलाकडे बघत. "कधी गेली?"

"वीसेक मिनिटं झाली. चांगला झोपलाय, म्हणून…"

त्यांनी तळवे चोळले आणि गणपतच्या काखेत हात घातला. ओली. उशीवर लाळेचा डाग पसरला होता. पापणी उचलली तर बाहुली पुन्हा टाचणीएवढी. औषध उतरलं होतं, विष अजून चरबीत दडून बसलं होतं, आणि माणूस तोंडावर हसू घेऊन बुडायला लागला होता. पुढचा तासभर डॉक्टर, सक्शन, ऑक्सिजन, इंजेक्शनं. त्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.  गणपत आठ दिवस यंत्रावर राहिला आणि वाचला. वीसच्या जागी तीस मिनिटं झाली असती तर मी ही नोकरी केली नसती.

सिस्टर मला ओरडल्या नाहीत. संध्याकाळी ड्युटी संपल्यावर त्या स्टुलाजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. एका हंगामात तो होडीवर न जाता बागेत फवारायला गेला होता. तेव्हा त्या माझ्याएवढ्याच, शिकाऊ.

"त्याला कोण दिसायचं?" मी विचारलं.

"मीच."

मला कळलं नाही.

"मी उशाशी उभी. आणि तो स्टुलाकडे बघून माझ्याशी बोलतोय. लहानपणीचं, होडीचं. मी म्हटलं, अरे, मी इथे आहे. तर मला म्हणतो, तुम्ही बाजूला व्हा, ताय दिसत नाही." त्यांनी स्टुलावरची धूळ हाताने पुसली. "दुसऱ्या दिवशी म्हणाला, ताय गेली. आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. मला वाटलं, सुटलो. त्याला चहा आणायला मी धावतच गेले. परत आले तेव्हा उशी भिजलेली होती."

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचा हात बर्फासारखा होता. "येते ती राखण करते, पोरी. जाते तेव्हा घाबरायचं."

त्या निवृत्त होऊन नाट्याला गेल्या. मी दोनदा भेटायला गेले, जायला हवं होतं त्याहून कितीतरी कमी. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. मी वाकले तशी त्यांनी तळवे चोळले, चोळण्यातही दम लागत होता, आणि माझ्या काखेत हात घातला. "ओली," म्हणाल्या. "घाबरलीस होय गो?" मी नाही म्हटलं. त्या हसल्या. महिनाभराने त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्युटीवर होते, आणि पाच नंबरच्या खाटेला पेशंट होता, म्हणून मी गेले नाही. हे मला आजही बोचतं. त्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी बोचतं.

आता त्या वॉर्डची इन्चार्ज मी आहे. पांढऱ्या साड्या जाऊन ड्रेस आणि एप्रन आले. स्टूल आहे तिथेच आहे. मुली पाठीमागे माझी नक्कल करतात, हात चोळून दाखवतात. मला दिसतं, मी बघत नाही.

यंदाच्या मोहोरात लांज्याकडचे एक म्हातारबुवा आले, बागेचे राखणदार. ते आता घरी ठणठणीत आहेत, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कोण आलंय, आजोबा?" तर म्हणाले, "पांढऱ्या साडीतली बाई. वळकीची नाय. हात चोळत बसल्ये."  मग मी स्वतःला समजावलं. जुना माणूस, त्यांच्या लेखी नर्स म्हणजे पांढरी साडीच. आणि हात चोळताना त्यांनी दिवसभर मलाच पाहिलंय. डॉक्टरांनी ठिबक कमी केलं. मुलींना मी बजावून ठेवलं की बाई उठून गेली की मला बोलवा, मी कुठेही असले तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी औषधांच्या खोलीत सलाईनच्या बाटल्या लावत होते. एकदम अंगावर काटा आला. मनगटापासून मानेपर्यंत. छाती धडधडायला लागली, तोंड सुकलं. मला कोणी सुई टोचलेली नव्हती. भीती माझीच होती. बाटली तशीच टाकून मी वॉर्डात आले. मुली दाराशी नव्या पेशंटच्या स्ट्रेचरभोवती होत्या. पाच नंबरवर म्हातारबुवा डोळे मिटून शांत पडले होते.

मी तळवे चोळले आणि त्यांच्या काखेत हात घातला. भिजलेली होती.

त्यांनी डोळे किलकिले केले. "परत कशाला बगताव?" ते ओठांवरची लाळ गिळत म्हणाले. "त्या बाईनं आताच हात घातलान की. गार होता. म्हणालीन, थांबा हां, तिला बोलावते."

स्टुलाकडे बघायला मला वेळ नव्हता. मी डॉक्टरांना हाक मारली.