अण्णांचं लाल पेन

मोबाइल-टीव्ही दुरुस्तीच्या काउंटरवर बारा वर्षं बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते टोकन घेऊन स्वतःच रांगेत उभे राहतात! कराडला आमचं सर्व्हिस सेंटर आहे. गिऱ्हाईक सांगेल तो बिघाड जॉबशीटवर लिहायचा, हे माझं काम. त्यात खरं किती, हे ठरवायचं काम भूपाल अण्णांचं.

अण्णा सांगलीकडचे जैन. टीव्ही उघडल्यावर आत मुंग्या निघाल्या, तर आधी मऊ ब्रशनं त्यांना खिडकीत सोडणार, मगच बोर्डाला हात लावणार. माणसांच्या बाबतीत मात्र एवढी दया नाही! फुकट बदलून मिळावं म्हणून कुणी मुद्दाम वस्तू बिघडवून आणली, की अण्णांना लगेच कळतं. मग खिशातलं लाल पेन निघतं आणि जॉबशीटवर तीन शब्द उमटतात, 'ग्राहक खोटं बोलतो'. खाली सही. त्या सहीला कंपनीत आजवर कुणी आव्हान दिलेलं नाही, आणि अण्णांना त्याचा भारी अभिमान.

"ताई, एकदा जरी मी खोटं लिहिलं, तर आधीची सगळी पानं खोटी ठरतील बघा," असं ते मला दर महिन्याला ऐकवतात.

वॉरंटी एक वर्षाची. त्यामुळे आमच्याकडे खरी जत्रा भरते ती अकराव्या महिन्यात.

*

एकदा विट्याचे एक शेठ आले. विट्याची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, तसं यांचंही दक्षिणेत कुठंतरी होतं. सुट्टीला गावी आले होते. फोन महागातला.

"चार्जिंगला लावला आन् आपोआप तापून बंद पडला," शेठ म्हणाले.

मी लिहून घेतलं. चार्जर स्वच्छ, पिन स्वच्छ, आणि फोनच्या खालच्या कडेला एक गोल, बारीक, नेमका काळा डाग. आजूबाजूला ओरखडासुद्धा नाही. अण्णांनी भिंगातून तो बराच वेळ बघितला. अगदी कौतुकानं!

"शेठ, हात लय साफ हाय तुमचा. एवढ्याशा जागेला जाळ लावायचा म्हणजे सोपं काम न्हाई."

"आवं, त्यात काय! फुंकणी तिरकी धरली की..." शेठ उत्साहानं म्हणाले आणि तिथंच थांबले.

*

कोयनानगरहून फोन आला, की भूकंपाच्या धक्क्यानं टीव्हीची काच आतून तडकली. टीव्ही पडलेला नाही, जागेवरच आहे, हे गिऱ्हाइकानं मला तीन वेळा बजावलं. आपण पाडलेला टीव्ही वॉरंटीत बसत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

अण्णा घाट चढून बघायला गेले. घरात शोकेसमधल्या बरण्या तारेनं बांधलेल्या, कपाट भिंतीला खिळ्यानं ठोकलेलं, देवाची तसबीरसुद्धा दोन बाजूंनी आवळलेली. तिकडं जन्मभर हादरे खाल्लेली माणसं घर असंच लावतात. टीव्हीच्या मागं नायलॉनच्या दोरीची दोन टोकं लोंबत होती.

अण्णांनी ती टोकं हातात घेतली. तेवढ्यात गिऱ्हाइकाची आई चहा घेऊन आली.

"आवं, माझी गाठ भूकंपाच्या बापाला सुटली नसती!" म्हातारी दुखावलेल्या आवाजात म्हणाली. "काल टीव्ही सरकवायला ह्यानंच सोडली!"

*

आता घरचं सांगते, नाहीतर म्हणाल ही फक्त दुसऱ्यांचंच सांगते.

आमच्या ह्यांना नवीन मॉडेल हवं होतं. एके दिवशी मान वर केली, तर टोकन नंबर चौदा म्हणून समोर आमचे हे! मला चक्क 'मॅडम' म्हणाले.

"मॅडम, खिशात होता. घामानं भिजला."

नवऱ्याला खोटं म्हणावं तर घरी कटकट, खरं म्हणावं तर अण्णा शेजारी. मी मुकाट्यानं 'घाम' लिहिलं. अण्णांनी फोन नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि मला अगदी प्रेमानं विचारलं,

"ताई, तुमच्याकडं ताकाला जिरं लावता का?"

*

धुळा तात्या माण तालुक्यातले. शेळ्या-मेंढ्या राखणारे. बाजारच्या दिवशी आले, बाहेरच्या खांबाला एक शेळी बांधली आणि फोन काउंटरवर ठेवला. मागचा कोपरा चावलेला, आवाजाचं बटण गायब.

"काय झालं, तात्या?"

"शेळीनं चावला."

शेळी वॉरंटीत बसत नाही, हे मी समजावून सांगितलं. रांगेतला एक शहाणा कुजबुजला, "आपोआप निखळलं म्हणा की!"

"तसं कसं म्हनू रं? ती ऐकतीया न्हवं," तात्या म्हणाले आणि बाहेर बोट केलं. तिला एकटीला घरी ठेवली तर ती दुसरं काहीतरी चावते, म्हणून सगळीकडं बरोबर न्यावी लागते.

अण्णांनी आपल्या ड्रॉवरमधलं बटण बसवून दिलं. चावलेला कोपरा तात्यांनी बदलू दिला नाही. "मागनं कोन बोलतंय?" म्हणाले. त्या दिवशी अण्णांनी लाल पेनानं 'ग्राहक खरं बोलतो' असं लिहिलं. तसं आमच्याकडे ते एकच पान आहे.

*

तेच तात्या वॉरंटीच्या शेवटच्या महिन्यात पुन्हा आले. मुलगा फौजेत, सरहद्दीवर. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. तोंड हलतं, पण मधेच आवाज जातो.

"म्हातारी म्हनती, पोरगं रुसलंय, म्हनून बोलत न्हाई. दोन रविवार जेवली न्हाई."

पण कंपनीचा नियम असा, की बिघाड काउंटरवर दिसला, तरच फोन बदलून मिळतो. आणि काउंटरवर तो फोन ठणठणीत बोलायचा! तात्या दोनदा येऊन तसेच परत गेले. तिसऱ्यांदा आले तो वॉरंटीचा शेवटचा दिवस होता. माझ्या शेजारी तपासणीला आलेले कंपनीचे साहेब अण्णांची लाल पेनाची पानं चाळून वाहवा करत होते. मी फोन लावून बघितला. आवाज खणखणीत. तसं लिहिलं.

अण्णांनी तात्यांकडं बघितलं. मग फोन उचलून आत गेले. आतून 'टक्' असा आवाज आला.

"बंद पडला," बाहेर येऊन ते म्हणाले, कुणाकडंही न बघता.

"आत्ता तर चालू होता ना?" साहेबांनी विचारलं.

अण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तात्यांनी अण्णांच्या हातातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर बघितला. बाहेर गेले, शेळी सोडली आणि ओढत काउंटरपर्यंत आणली.

"सायेब, हिनं चावला."

"आत्ता? आतल्या टेबलावर?"

"व्हय. लय वंगाळ खोड हाय हिला. ह्ये बगा दात!" तात्यांनी फोनचा तो जुना चावलेला कोपरा साहेबांच्या नाकासमोर धरला. "अन्नास्नी काय इचारू नगा. लिवा ताई, शेळीनं चावला. फोनचं माजं मी बगीन."

अण्णांनी माझ्या हातातली जॉबशीट काढून घेतली, खिशातलं लाल पेन उघडलं आणि सावकाश लिहिलं,

'ग्राहक खोटं बोलतो. शेळी निर्दोष.'

आणि खाली, पहिल्यांदाच, पूर्ण नावानं सही केली.