काकूंची चुकलेली भरती

काकूंनी आयुष्याची सत्तावीस वर्षं माशांची पोटं उघडण्यात घालवली आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. वाटायचं ते नातेवाइकांना. "लोकांना सांगू तरी काय?" असं नणंद नाक मुरडून विचारायची. "सांग, वहिनी लेकरं जेवली का ते बघते," काकू म्हणायच्या.

ते खरंही होतं. खाडीच्या मुखाशी चिखलाचं मोठं मैदान होतं. लेप हा चपटा मासा जन्मतो समुद्रात, पण त्याची पिल्लं वाढतात अशा उथळ चिखलात. काकू तिथल्या संशोधन केंद्रात मदतनीस. पिल्लं पकडायची, मोजायची, त्यांचं वजन करायचं, मग बोटभर पिल्लाचं पोट भिंगाखाली उघडून आत किती किडे, शिंपल्यांचे किती तुकडे ते वहीत लिहायचं. शिक्षण दहावीपर्यंत, पण अर्धवट पचलेल्या किड्याच्या नुसत्या जबड्यावरून त्याची जात ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मोठमोठे शास्त्रज्ञ अडले की बशी घेऊन गुपचूप त्यांच्या टेबलाशी यायचे.

त्या वर्षी चिखलावर भराव टाकून गोदामं बांधायचं घाटत होतं. परवानगी देणाऱ्या सरकारी समितीने केंद्राला विचारलं, पिल्लांना इथे पोटभर मिळतं का? नसेल मिळत, तर जागा गेली तरी बिघडत नाही. आणि काकूंच्या वहीत तीन महिने एकच: पोट रिकामं, पोट रिकामं.

काकूंना अन्न गोड लागेना. एके सकाळी वजनाचा रकाना बघताना त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. पिल्लं लांबीच्या मानाने चांगली जड होती, पाठ हाताला गुबगुबीत लागत होती. उपाशी पिल्लू आधी पाठीत झडतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मग ही खातात कधी?

उत्तर सुचलं आणि त्यांनी वही मिटली. पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर चिखलावर चढतात, तिथे चरतात आणि पाण्याबरोबरच परततात. म्हणून दरवर्षी जाळं भरतीला ओढायचं. यंदा गुडघा दुखतो म्हणून काकूंनी परस्पर वेळ बदलली होती. पाणी पार उतरलं की घोट्याएवढ्या पाण्यात जाळं ओढणं सोपं. पण तोवर पिल्लांचं खाल्लेलं पचूनही गेलेलं असायचं.

त्यांनी केंद्राच्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेब खुर्चीत मागे टेकले. "काकू, ती पानं गाळून टाकू. नव्याने मोजा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," काकू म्हणाल्या.

पुढचे पंधरा दिवस गुडघ्याला पट्टा बांधून, सुनेचा आधार घेत, मांडीएवढ्या पाण्यात त्यांनी जाळं ओढलं. "आई, तुमच्या माशांपायी माझी कंबर गेली," सून रोज कुरकुरायची, पण दोरी तिने एकदाही सोडली नाही. पोटं तट्ट भरलेली निघाली.

बैठकीत दोन्ही वेळचे आकडे मांडले गेले. समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "आधीचे कुणामुळे चुकले?"

काकू उभ्या राहिल्या. "माझ्यामुळे. गुडघा दुखत होता, म्हणून ओहोटीला गेले. कुणाला विचारलं नाही."

"मग आताच्या आकड्यांवर तरी विश्वास का ठेवायचा?"

काकू म्हणाल्या, "नका ठेवू. उद्या भरतीला चला. पोटं तुमच्यासमोर उघडते, मोजा तुम्ही."

आणि ते गृहस्थ खरंच आले! एक बूट चिखलाला देऊन परतले आणि दुपारभर भिंगाला डोळा लावून मोजत बसले. शेवटी त्यांनी मान वर केली. "एवढ्याशा पिल्लात एकतीस किडे?"

काकूंनी बशी ओढली, सुई फिरवली. "तेहतीस. दोन सुटले तुमचे."

अध्यक्षांनी पुन्हा मोजलं. मग एकतीस खोडून तेहतीस लिहिलं, शेजारी लिहिलं, 'मोजण्यात चूक माझी', आणि सही केली. भरावाला नकार देणाऱ्या आदेशाला हेच पान जोडलेलं होतं.