रोझलीन टीचरांची दर्याकाठची वाट

रोझलीन टीचरांच्या घरापासून मालवणचा मासळीबाजार चालत दहा मिनिटांवर. टीचरांना मात्र तिथे पोचायला तास लागायचा. चाल त्यांची चांगली तुरतुरीत होती, पण वाटेतला एकही माणूस त्यांना ओलांडता येत नसे. कुणाच्या म्हशीला बरे नव्हते, कुणाच्या सुनेने शिलाई मशीन घेतले होते, कुणाचा मुलगा बोटीवर लागला होता. टीचर प्रत्येक फाटकाशी थांबत, सगळे ऐकून घेत आणि बाजारात पोचेपर्यंत बांगडे संपलेले असत. मी त्यांची शेजारीण आणि नोकरी बँकेत, त्यामुळे जीव सगळा घड्याळात. मी कुरकुरले की त्या म्हणत, "वेळ खंय पळता गो शुभा? हंयच आसा तो. माणूस फुडे गेलो तर मात्र गेलो."

त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले. घोट्यापर्यंतचा फुलाफुलांचा झगा, पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट, हातात काळी छत्री आणि मागच्या बाकापर्यंत सहज पोचणारा आवाज अशा त्या डोळ्यांपुढे येतात. देवबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शाळांत त्यांनी गणित शिकवले. निवृत्त झाल्या तरी कुणी हिशेबात अडखळला की त्यांचा हात नकळत खडू शोधू लागे.

त्यांचे यजमान पास्कू होड्यांची इंजिने दुरुस्त करीत. जुन्या गोव्याच्या संताला आमच्याकडचे ख्रिस्ती लोक 'सायब' म्हणतात. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याचे फेस्त, म्हणजे वर्षाचा सण, असते आणि मालवणातून दरवर्षी एक जथा पायी तिकडे जातो. पास्कूंनी ती वारी कधी चुकवली नव्हती. टीचर मात्र एकदाही गेल्या नव्हत्या. पास्कू वारले त्याच्या पुढल्या वर्षी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, "पास्कूक सांगल्लंय, एकदा मी चलान जातलंय म्हणान. तो सगळो जन्म हायवेचो धूर खात गेलो. मी दर्याकाठान जातलंय. तू येतंस?"

"टीचर, मी हिंदू. माझे तिथे काय काम?"

"पाय तुजे, पुण्य तुजा. सायब जात इचारणा नाय."

अडचण होती ती दिवसांची. टीचरांच्या घरात नव्वदीच्या सासूबाई. त्यांच्याजवळ राहायला बांद्याहून नणंद लुर्दिन येणार, पण तिची बेकरी. नाताळच्या केकची गडबड सुरू व्हायच्या आत तिला परत जायला हवे. त्यामुळे आमच्या हाती आले पाच दिवस. जथा मधल्या रस्त्याने जातो, आमची वाट समुद्राच्या कडेने, वळणावळणाची, मधे खाड्या.

टीचरांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओढणी वेडीवाकडी पसरली, म्हणाल्या, "हो दर्यो." आणि तिच्या काठाने भाजलेले काजूगर मांडले. हा देवबाग, हा भोगवे, ही निवती, हा केळूस, पुढे वेंगुर्ला, शिरोडा, रेडी, मग तेरेखोलची खाडी आणि पलीकडे गोवा. मी मुक्काम ठरवू लागले. एक गाव जास्त होतेय असे म्हटले की टीचर तो काजूगर उचलून तोंडात टाकीत. "झालो कमी!" अशाने अर्धा वेंगुर्ले तालुका संपला. शेवटी मी हात जोडले आणि एकच अट घातली, वाटेत कुणाच्या घरी बसायचे नाही. टीचरांनी छातीवर क्रूस काढून शपथ घेतली.

शपथ देवबागला मोडली. खाडीपलीकडे नेणारा होडीवाला त्यांचा विद्यार्थी निघाला. घावणे खाल्ल्याशिवाय होडी सोडायला तो तयार नव्हता. "ह्या घर खंय? ही होडी," असे म्हणत टीचरांनी दुसरे घावणे घेतले. भोगव्याला उतरलो तर माडाच्या बागेतून बाईचा आवाज आला, "टीचर गे! माजा लगीन तुमी जुळयलात आणि आता पाठ फिरवन जातास?" तिथे चहा झाला, नातवंडांची ओळख झाली, मोठीची तोंडी परीक्षा झाली. पहिल्या दिवशी केळूस गाठायचे होते, आम्ही निवतीला अंग टाकले. पाय दुखत होते आणि टीचर खूश होत्या. "आज दिसभर उजव्या कानात दर्यो आसलो. किती बरा वाटला!"

दुसऱ्या दिवशी दुपारी केळसात त्या एका घरापुढे थबकल्या. घर परब सरांचे. सर त्यांचे जुने हेडमास्तर. शाळेच्या फाटकात घड्याळ बघत उभे राहायचे आणि टीचर धावत आल्या की मोठ्याने म्हणायचे, "उशीर!" पोरे हसायची. तेवढ्यावरून दोघांची वर्षानुवर्षे भांडणे. सरांना अर्धांगवायू झाल्याचे त्यांनी वाटेतच ऐकले होते.

"पाच मिन्टां," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

सरांची सून नीता दारात आली. म्हणाली, "सर बोलणत नाय. डॉक्टरांनी सराव करून घ्या म्हणान सांगल्यानी, पण कोण सांगूक गेलो की भिंतीकडे तोंड करतत. आठ म्हयने झाले."

टीचर आत गेल्या, खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या. सर खरेच भिंतीकडे वळले. टीचर तिथेच बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने सरांनी मान फिरवली, त्यांना ओळखले, मग वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ओठ हलले, वाकडे झाले, पुन्हा हलले.

"उ... शी... र."

नीता पदर तोंडाला लावून रडू लागली. टीचर म्हणाल्या, "व्हय सर. उशीर झालो. माका पयलीच येवक व्हया होता." त्यांचा मागच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्या दिवशी जेमतेम माझ्यापर्यंत आला.

मग त्यांनी जे केले ते त्यांनाच सुचावे. त्या मोठ्याने सातचा पाढा म्हणू लागल्या. "सात एके सात, सात दुणे पंधरा..." सरांच्या कपाळावर आठी. "सात दुणे पंधरा," टीचर शांतपणे. सरांनी डावा हात पलंगावर आपटला आणि संतापून शब्द बाहेर ढकलला, "चौ... दा!"

"बघ नीता," टीचर म्हणाल्या, "रडान सांगू नको. चुकीचा म्हण. चुकीचा आयकला की ह्या माणसाक गप बसवणा नाय."

त्या दिवशी निघणे झाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. टीचर सुनेला बसवून शिकवत होत्या, कुठे चूक करायची, किती वेळ थांबायचे, सर चिडले तरी हसायचे नाही. मी ओटीवर बसून उरलेली गावे मोजत होते. संध्याकाळी खाडीकाठी मी त्यांना सांगितले, "टीचर, आता फेस्ताला पायी पोचणे शक्य नाही."

त्या वाळूत बसल्या. "माका ठावक आसा गो. सकाळीच कळला होता." मग छत्रीच्या टोकाने वाळू उकरत म्हणाल्या, "पास्कूक सांगल्लंय मी. तेका कधी खोटा सांगूक नाय होतंय." मी त्यांना रडताना पाहिले ते तेवढेच. नाक पुसून त्या उठल्या. "जमतला तेवढा चलाया."

पुढचे दोन दिवस आम्ही खरेच चाललो. वेंगुर्ले ओलांडले, मोचेमाड, आरवली, शिरोडा. टीचर कुठेही थांबल्या नाहीत, हाक आली तर नुसती छत्री उंच करीत. मला ते बघवत नव्हते. आरवलीत मीच म्हटले, "टीचर, त्या बाईंशी बोला तरी दोन शब्द." त्या एवढ्या मोठ्याने हसल्या की ती बाई फाटकापर्यंत धावत आली. अर्धा तास गेला. मी घड्याळ पाहिले नाही.

तेरेखोलच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पलीकडे गोवा दिसत होता आणि लुर्दिनचा फोन वाजत होता. तिला निघायला हवे होते. फेरीबोट भरली, धक्क्यावरची माणसे चढली. टीचर एका बाजूला उभ्या राहिल्या आणि फेरीबोटवाल्याला म्हणाल्या, "फुडल्या वर्सा हंयसूनच चढतलंय. बघून ठेय माका." तो बिचारा गोंधळून हसला. आम्ही मागे वळलो आणि शिरोड्याहून एसटीने घरी आलो.

उन्हाळ्यात नीताचा फोन आला. तिने मोबाइलवर सरांचा आवाज पाठवला होता, तेराचा पाढा, अडखळत पण पुरा. टीचरांनी तो गल्लीतल्या प्रत्येकाला ऐकवला, मासेवालीलासुद्धा.

पुढल्या डिसेंबरात लुर्दिन पुन्हा आली आणि आम्ही एसटीने तेरेखोलला जाऊन फेरीबोटीत चढलो. केरी, हरमल, मोरजी, शिवोली. टीचर मनसोक्त थांबल्या, कारण या खेपेस वाट लहान होती आणि दिवस तेवढेच. गोव्यात ओळखीचे कुणी नव्हते, तर त्यांनी ओळखी करून घेतल्या. फेस्ताच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही जुन्या गोव्यात पोचलो. मेणबत्त्यांचा वास, चण्यांच्या गाड्या, देशोदेशीची माणसे आणि लांबच लांब रांग. टीचर रांगेत बूट हातात घेऊन अनवाणी उभ्या होत्या. पाय सुजून लालभडक, वर धुळीचा थर.

सायबापुढे त्यांची पाळी आली. माणसे डोके टेकवत होती, पुटपुटत होती. टीचरांनी मात्र झगा घोट्यांच्या वर उचलला, दोन्ही पाय जरा पुढे केले आणि क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मागची माणसे बघू लागली. मी त्यांना हळूच पुढे घेतले.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर मी विचारले, "टीचर, काय मागितलेत?"

"मागूक खंय इल्लंय गो? लग्न झाला त्या वर्सा तापान माजे पाय गेल्ले. सहा म्हयने खाटेर होतंय. तेवापासून पास्कू दर वर्सा हंय चलान येय आणि माज्या पायांसाठी मागी. बरे झाले तरी मागणा सोडूक नाय." टीचरांनी मांडी घालून तळव्यावरची धूळ झग्याच्या कडेने पुसली. "म्हटला, एकदा सायबाक दाखवन येवया."