बटणाला हात लावू नये

"सर, वॉर्मर गार पडलाय. अलार्म थांबंना. बाळ सोळाशे ग्रॅमचं आहे."

फोनवर शाहीन सिस्टर होत्या, कन्नड तालुक्याकडच्या एका छोट्या दवाखान्यातल्या. मी चिकलठाण्यातल्या ऑफिसात. हॉस्पिटलची मशीन सांभाळणं हे माझं काम. लगेच निघालो तरी दोन तास लागणार होते.

वॉर्मर म्हणजे नवजात बाळाला वरून ऊब देणारं मशीन. बाळाच्या पोटावर एक वायर चिकटवतात, तो प्रोब. तो अंगाचं तापमान सांगतो, त्यावर हीटर कमी-जास्त होतो. प्रोब खराब झाला की हीटर आपोआप बंद.

"बाळ कुठंय?"

"आईच्या छातीशी, अंगाला अंग लावून. वरून शाल टाकलीय."

"शाब्बास. प्रोब गेला असणार. आता मॅन्युअलचं बटण दाबा." मॅन्युअलवर हीटर प्रोबशिवाय चालतो. फक्त बाळाचं तापमान माणसाला मोजत राहावं लागतं.

मी विचारलं,

"दाबलं?"

"नाय सर. मशीनवर तुमचीच चिठ्ठी आहे ना. बटणाला हात लावू नये, इंजिनिअरला फोन करावा. उद्या काय झालं तर माझ्यावर येईल."

खरं होतं. ट्रेनिंगला मी दोन तास स्लाइड दाखवल्या होत्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. मशीनला मात्र कुणाला हात लावू दिला नव्हता. बिघडवतील म्हणून. मला लाज वाटली.

"सिस्टर, ती चिठ्ठी फाडा. जबाबदारी माझी. मॅडमना बोलवा, फोन स्पीकरवर टाका."

डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी होकार दिला. शाहीन सिस्टरांनी बटण दाबलं. हीटर तापला. बाळाला वॉर्मरवर घेतलं. मी गाडीत, आणि दर पंधरा मिनिटांनी त्या थर्मामीटरचा आकडा सांगत होत्या. चौथ्या फोनला म्हणाल्या, "साडेछत्तीस. सर, निवांत या आता."

पोचल्यावर नवा प्रोब मी त्यांच्याच हातात दिला. पहिल्यांदा त्यांनी उलटा लावला, दुसऱ्यांदा बरोबर. पुढच्या महिन्यात बाकीच्या सिस्टरांना त्यांनीच शिकवलं, मी मागं बसून चहा प्यालो. बाळ तोवर घरी गेलं होतं.

काही महिन्यांनी आमच्या साहेबांनी विचारलं, "कन्नडकडचे कॉल एवढे कसे घटले? जातोस ना तिकडं?"

"जावं लागत नाही, सर."

साहेबांना ते फारसं आवडलं नाही. आमच्या धंद्यात शिकवणं जमलं की व्हिजिट कमी होतात, आणि रिपोर्टमध्ये माणूस रिकामा दिसतो. तेवढं सोसायची तयारी असेल, तरच शिकवायला जावं.