हो म्हणणारं तिसरं मशीन

जिथे मशीन जुनी, तिथे किस्से रोज नवे! परतूरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले आणि ते साचतच गेले. बंगलोरहून शिकून परतताना वाटलं होतं, मुली प्रश्न विचारून भंडावून सोडतील. इथे एकीचाही प्रश्न नाही. काहीही शिकवा, उत्तर एकच: "समजलं मॅडम!"

शाळेनं कॉम्प्युटरसाठी खोली एका अटीवर दिली होती. निकालपत्रकाचा प्रोग्राम तिथल्या पाचही जुन्या मशीनवर चालवायचा आणि मुलींनी तो मुख्याध्यापकांना समजावून सांगायचा. नाही जमलं, तर खोलीत खिचडीच्या तांदळाची पोती!

* * *

आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर. आमचे पाच कंपायलर पाच वयांचे. प्रोग्रामच्या भाषेतल्या नव्या सोयी कुणाला येत, कुणाला नाही. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. ती आधी प्रत्येकाला चाचणीचा छोटा प्रोग्राम देऊन विचारायची, "ही सोय येते का?" 'नाही' आलं, तर तिथे जुनी पद्धत वापरायची.

तिसरं मशीन म्हणालं, येते. खरा प्रोग्राम दिला, तर साफ अडलं! अनोळखी काही दिसलं की हा कंपायलर नुसती वॉर्निंग पुटपुटून पुढे जायचा. स्क्रिप्टला वाटायचं, होकार आला.

विज्ञानाचे कांबळे सर हौसेनं शेजारी बसून शिकायचे. म्हणाले, "मॅडम, हा तर आपल्याच गावचा निघाला. पाव्हण्याला न्हाई म्हणायचं न्हाई!"

* * *

मग मी स्क्रिप्टला बजावलं, वॉर्निंग आली तरी चूकच समज. झालं! आता पाचही मशीन प्रत्येक गोष्टीला 'नाही'. माझ्याच चाचणीत एक बिनकामाची ओळ राहिली होती, तिच्यावर सगळ्यांची कुरकुर.

"हो म्हणणारा गेला, न्हाई म्हणणारी सासू आली!" कांबळे सर.

* * *

शेवटी स्क्रिप्ट चाचणीचा प्रोग्राम चालवूनच बघायला लागली. उत्तर बरोबर आलं तरच हो. पाचही मशीन सुरू! सरांनी भजी आणली. मी उत्साहात मुलींना तासभर फळ्यावर सगळं समजावलं.

"समजलं?"

"हो मॅडम!" सगळ्यात मोठा आवाज अकरावीतल्या सविताचा. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांसमोर तीच बोलणार होती.

संध्याकाळी तिच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. वाटूरची एसटी लागली, तशी ती थांबली.

"मॅडम, राग न्हाई ना येणार? महिना झाला, मला कायच कळून न्हाई राह्यलं. कुणालाच न्हाई."

"मग हो का म्हणता गं?"

"तुम्ही एवढ्या दुरून आमच्यासाठी आल्या. तुमाला न्हाई कसं म्हणायचं?"

सकाळी मुख्याध्यापक फाटकातच भेटले. "काय मॅडम, पोरी तयार?"

"न्हाई सर," मी म्हणाले. "अजून महिना लागंल."