नाकातला दोरा

केशरकाकांच्या तळहातावरच्या रेषा बारमाही केशरी. आंघोळीने तो रंग कधी गेला नाही, आणि नावही तेच चिकटलं. पंचवीस वर्षं ते कारखान्यात पोटॅशियम बायक्रोमेटची पोती भरत होते. हे पोटॅशियमचं मीठ असलं तरी जिभेवर ठेवायचं नाही; जहर आहे. केशरी खडे, पाण्यात विरघळले की पाणीही केशरी. कातडं कमावणारे, कापड रंगवणारे, काडेपेटीवाले, सगळे त्याचे गिऱ्हाईक. समोर येईल त्याला खायचं, हा या मिठाचा स्वभाव, आणि काकांच्या नाकासाठी त्याने तो बदलला नाही. दोन नाकपुड्यांमधला पडदा पोती भरताना उडणाऱ्या धुळीने हळूहळू कुरतडला, एक दिवस आरपार भोक पडलं. दुखलं अजिबात नाही.

काकांनी त्याचा खेळ केला. एका नाकपुडीतून दोरा आत, दुसरीतून बाहेर. पाहुणे आले की फर्माईश ठरलेली. मुलगी याच खेळावर टाळ्या पिटत मोठी झाली.

आता तिला त्याच खात्यात नोकरीचं पत्र आलं होतं. सोमवारी सही करायची. काकांना तिला अडवायचं होतं, पण गंभीर बोलायचं म्हटलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. रविवारी सकाळी त्यांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून दोरा काढला आणि मुलीसमोर बसून नाकात घातला.

"बाबा, सकाळी सकाळी?" ती हसायला लागली.

"हसू नकोस. नीट बघ."

"मिशी काढली असती तर अजून छान दिसलं असतं," स्वयंपाकघरातून बायको.

"अगं, हे भोक आहे. तुलाही पडेल."

"दुखतं?"

"नाही. तेच तर."

"मग झालं तर! पगारी नोकरी आहे बाबा, कायमची. आणि आता मास्क देतात."

"आम्हालाही देत होते. आत जीव गुदमरतो. सगळे काढतात."

"मी नाही काढणार."

काका दोन्ही टोकं हातात धरून बसले. असा गंभीर चेहरा आणि नाकात दोरा. मुलीला पुन्हा हसू फुटलं. बायकोही हसली. शेवटी काकाही हसले. काय करणार?

सोमवारी तिने सही केली. पंधरा दिवसांनी ती कामावरून घरी आली तेव्हा कानांमागे मास्कच्या दोऱ्यांचा वळ नव्हता, आणि ती सारखी शिंकत होती.

"मास्क लावतेस ना गं?"

"हो बाबा," ती म्हणाली.

कारखान्याच्या डॉक्टरांना काका दर वर्षी याच सुरात हो म्हणत आले होते.