लाल दोऱ्याची गाठ

मिरजेत माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानासमोर तो त्याच दुरुस्तीचं टेबल टाकून बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. माझी गिऱ्हाइकं पायरी उतरून त्याच्याकडे जायची, मग नाव कशाला विचारतोय?

कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, दुरुस्तीला आला की त्याच्या सुट्या केबली तो त्या सप्लायलाच लाल दोऱ्याने बांधायचा. गाठ अशी, की एका ओढीत सुटावी. मी एकदा हसलो.

"आवं सायेब," तो म्हणाला, "प्लग कुठंबी बसतोय. आतल्या तारा परत्येक कंपनीच्या येगळ्या. दुसऱ्याची केबल लावली की डिस्क जळती."

वीस वर्षं धंद्यात असून हे मला ठाऊक नव्हतं. तेच जास्त झोंबलं.

एका दुपारी टेबल माझ्या भरवशावर सोडून तो चहाला गेला. मी दोन सप्लायच्या केबलींची अदलाबदल केली आणि दोरे पुन्हा बांधले.

संध्याकाळी त्याच्या टेबलावर सप्लाय जोडताच तासगावच्या एका फोटोग्राफरची डिस्क जळाली. तीन लग्नांचे फोटो गेले. फोटोग्राफर ओरडत होता. हा मात्र, ओढून सुटला नाही म्हणून घाईत कात्रीने कापलेला दोरा हातात घेऊन बघत होता. ती गाठ त्याची नव्हती. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"चूक माजी हाय," तो फोटोग्राफरला म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. त्याची गिऱ्हाइकं आता माझ्याकडे येतात. तीन शब्दांचं ते वाक्य तो चारचौघांत सहज बोलून गेला. मला ते कागदावर लिहायलाच सहा वर्षं लागली. हेवा अजून त्याचाच वाटतो.